निमित्त तारखेचं, बातमी तुमची

२०२४ साली मकरसंक्रांत १५ जानेवारीला होती आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला. २०२५मध्ये संक्रांत १४ जानेवारीला, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला. २०२६मध्ये संक्रांत १४ जानेवारीलाच, पण रथसप्तमी २५ जानेवारीला. हळदीकुंकवाचा हंगाम याच दोन दिवसांच्या मधला. म्हणजे एका वर्षी त्याला साडेचार आठवडे मिळाले, पुढच्या वर्षी तीन आणि त्याच्या पुढच्या वर्षी जेमतेम दीड. वाणाच्या वस्तू विकणारे, तिळाच्या वड्या करून देणाऱ्या, हलव्याचे दागिने घडवणाऱ्या, बोरन्हाणाची सजावट करून देणाऱ्या अशा कितीतरी जणांची वर्षाची मोठी कमाई एवढ्याच दिवसांत होते. हे दिवस किती, हे पंचांगात कितीतरी आधी छापलेलं असतं. तरीही ते न पाहताच माल भरणारे पुष्कळ आहेत.

यामागचं गणित सोपं आहे. संक्रांत सूर्याच्या राशीप्रवेशावर ठरते, त्यामुळे ती इंग्रजी तारखेला धरून राहते. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, ती चंद्राच्या हिशेबाने येते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून तिथीने येणारे सण दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकत जातात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे ढकलले जातात. गणेश चतुर्थी पाहा: २०२३मध्ये १९ सप्टेंबर, २०२४मध्ये ७ सप्टेंबर, २०२५मध्ये २७ ऑगस्ट आणि अधिक ज्येष्ठ आल्यामुळे २०२६मध्ये थेट १४ सप्टेंबर. लक्ष्मीपूजन २०२५मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२६मध्ये ८ नोव्हेंबरला. या दोन तारखांमध्ये व्यापाऱ्याने एक गोष्ट हेरायला हवी. ८ नोव्हेंबरच्या आधी नोकरदारांचा पगार हातात आलेला असतो, २१ ऑक्टोबरला महिना उतरणीला लागलेला असतो आणि सगळी भिस्त बोनसवर. २०२५सारख्या वर्षी मोठ्या खरेदीची जाहिरात सप्टेंबरअखेरीपासूनच हवी. २०२६सारख्या वर्षी पगाराच्या आठवड्यावर जोर दिला तरी चालतं.

छोट्या धंद्याच्या प्रसिद्धीबद्दल बोलताना मी सुरुवात पंचांगापासून करतो, ती यासाठी. मोठ्या कंपनीला वर्षातला कुठलाही दिवस चालतो, कारण तिच्याकडे जाहिरातीचा पैसा असतो. छोट्या दुकानदाराला, घरून काम करणाऱ्या उद्योजिकेला, दोन कारागिरांच्या कारखान्याला तो परवडत नाही. त्यांना फुकट मिळणारी एकच गोष्ट म्हणजे लोकांचं त्या दिवशी आधीच वळलेलं लक्ष. पण इथे बहुतेकांची गल्लत होते. त्यांना वाटतं, सण आला की शुभेच्छांचा फलक लावला, व्हॉट्सअ‍ॅपवर दिव्याचं चित्र आणि खाली दुकानाचं नाव टाकलं, की प्रसिद्धी झाली. त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर अशी शंभर चित्रं येतात आणि न उघडताच पुसली जातात. दिवस आपल्याला फक्त निमित्त देतो. त्या निमित्ताने सांगण्याजोगं काही आपल्यापाशी असेल तरच लोक ऐकतात, आणि ते जवळजवळ नेहमीच आपल्या हातातल्या कामात दडलेलं असतं.

हलव्याच्या दागिन्यांचंच घ्या. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी आणि अंगभर हलव्याचे दागिने: बिंदी, नथ, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. बोरन्हाणाला बाळाला मुकुट आणि बासरी. हे सगळं करणाऱ्या स्त्रिया ‘हलव्याचे दागिने मिळतील’ अशी पाटी लावतात, फोटो पाठवतात, आणि थांबतात. पण त्यांच्या स्वयंपाकघरात जे चाललेलं असतं ते किती जणांनी पाहिलंय? परात मंद आचेवर, तिच्यात तीळ किंवा खसखस. त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. हे तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस. हळूहळू दाण्यावर काटा उभा राहायला लागतो. हवा ढगाळ, दमट झाली की काटा येत नाही. आच थोडी वाढली की साखर पिवळी पडते. बोटांची टोकं भाजतात. हे ज्याने एकदा पाहिलं तो दागिन्यांच्या सेटच्या किमतीवर घासाघीस करत नाही.

ही बातमी आहे. ‘दागिने मिळतील’ ही जाहिरात झाली, तिला पैसे पडतात. ‘हलव्याला काटा कसा येतो’ हे मात्र वर्तमानपत्र आनंदाने छापतं, कारण पुरवणीच्या उपसंपादकाला डिसेंबरच्या शेवटी संक्रांतीवरचा मजकूर हवाच असतो आणि दर वर्षी तेच तिळगुळाचं महत्त्व छापून तोही कंटाळलेला असतो. त्याला चांगला फोटो हवा असतो, आणि परातीवर फिरणाऱ्या बोटांचा फोटो त्याच्याकडे नसतो.

आता हे त्याच्यापर्यंत न्यायचं कसं? प्रसिद्धिपत्रक, म्हणजे आपण बोलताना ज्याला प्रेस नोट म्हणतो, ती साधारण अशी असावी:

‘हलव्याला काटा कसा येतो? रविवारी प्रात्यक्षिक. नाशिक: संक्रांतीच्या हलव्याला काटा येण्यासाठी थंड, कोरडी हवा आणि मंद आच लागते. बाजारात तयार हलवा मिळू लागल्याने घरी हलवा करणारे हात कमी होत आहेत. ही पद्धत नव्या पिढीला पाहता यावी यासाठी रविवारी (ता. ४ जानेवारी) सकाळी १० ते १२ या वेळेत प्रात्यक्षिक ठेवण्यात आले आहे. येणाऱ्यांना स्वतः परातीवर हात फिरवून पाहता येईल. प्रवेश विनामूल्य, जागा पंचवीस.’ त्याखाली पत्ता, फोन आणि प्रात्यक्षिक देणाऱ्या बाईंचं नाव, त्या किती वर्षं हे काम करतात तेवढं एक वाक्य.

या मजकुरात ‘सुप्रसिद्ध’, ‘दर्जेदार’, ‘वाजवी दरात’ असा एकही शब्द नाही. किंमत नाही. सवलत नाही. ती असती तर उपसंपादकाने नोट जाहिरात विभागाकडे सरकवली असती. पहिल्याच वाक्यात वाचकाला नवं काही कळतं. कोण, काय, कुठे, केव्हा हे सगळं आहे. ‘जागा पंचवीस’ हे तर फार महत्त्वाचं, कारण घरच्या स्वयंपाकघरात पंचविसांपेक्षा जास्त माणसं आली तर कार्यक्रमाचा विचका होतो आणि तीच चर्चा गावभर होते.

पाठवण्याच्याही काही रीती आहेत आणि त्या कुणी शिकवत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून मेलमध्येच चिकटवावा. लेटरहेडवर छापून त्याचा फोटो काढून पाठवला तर कुणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. फोटो आडवा, स्पष्ट, सोबत जोडलेला, आणि त्यात कोण कोण आहेत ते डावीकडून क्रमाने लिहिलेलं. पुरवणीसाठी पाठवायचं तर दहा-पंधरा दिवस आधी, शहराच्या पानासाठी तीन-चार दिवस आधी. फोन दुपारच्या आत करावा. रात्री आठला पानं लागत असतात. त्या वेळी ‘माझी बातमी पाहिलीत का’ असं विचारणाऱ्याची बातमी राहण्याचीच शक्यता जास्त. रविवारी सरकारी कचेऱ्या आणि न्यायालयं बंद असल्याने सोमवारच्या अंकात अशा हलक्याफुलक्या पण चांगल्या मजकुराला जागा मिळते, म्हणून कार्यक्रम रविवारी सकाळी ठेवणं फायद्याचं. आणि ज्यांना १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला कार्यक्रम करायचा आहे त्यांनी लक्षात ठेवावं, की त्या दिवशी मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांना सुट्टी असते. १६ ऑगस्टला आणि २७ जानेवारीला छापील अंक निघत नाही. तुमच्या सोहळ्याची बातमी पुढच्या अंकापर्यंत शिळी झालेली असते. हवी असेल तर आधीच्या दिवशी, कार्यक्रम होण्यापूर्वीच छापून आणावी.

वर्तमानपत्राबरोबरच गावातलं वाचनालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट यांना विसरू नये. हळदीकुंकवाला काय लुटायचं हे शेवटी तिथेच ठरतं.

*

सणांच्या शेजारी आता दुसरं एक कॅलेंडर उभं राहिलंय, ते ‘जागतिक दिनां’चं. अनेक दुकानदार त्याकडे दुर्लक्ष करतात, शाळांपुरतं ते ठीक असं मानतात. माझं मत वेगळं आहे. छोट्या धंद्याला दिवाळीपेक्षा हे दिवस जास्त उपयोगी पडतात, कारण त्या दिवशी गर्दी नसते.

२० मार्चचा जागतिक चिमणी दिवस नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१०पासून साजरा होऊ लागला. आपल्याच मातीतला हा दिवस. दर वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक वृत्तपत्राला, प्रत्येक शाळेला चिमण्यांवर काहीतरी हवं असतं. आता एखादा सुतार लाकडाची घरटी विकतो. तो ‘चिमणी वाचवा, घरटं घ्या’ म्हणाला तर ती घोषणा झाली. पण त्याऐवजी तो हे सांगू शकतो: घरट्याचं भोक सव्वा इंचाचं असावं, त्याहून मोठं केलं तर साळुंकी आत शिरते. घरटं आठ-दहा फुटांवर, भिंतीला पक्कं, दुपारचं ऊन थेट लागणार नाही असं लावावं. आतून रंग देऊ नये. भोकाखाली बसायला काठी ठोकण्याची गरज नाही, चिमणीला ती लागत नाही आणि तिच्या शत्रूंना मात्र आयती जागा मिळते. हे सांगणारा सुतार शाळेत बोलावला जातो, त्याचा फोटो छापून येतो, आणि एप्रिलपर्यंत त्याच्याकडे मागणी येत राहते. याच दिवसांत ऊन तापायला लागलेलं असतं, तेव्हा पाण्याची मातीची भांडी घडवणाऱ्या कुंभारालाही हाच दिवस जवळचा आहे.

७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन. १९०५मध्ये याच तारखेला कोलकात्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली, त्याची आठवण म्हणून २०१५पासून तो पाळला जातो. येवल्याच्या पैठणीवाल्यांना याहून चांगला दिवस कुठला? श्रावणाचा सुमार, पुढे गौरी-गणपती, नवरात्र, मग लग्नसराई. यंत्रमागावरच्या स्वस्त साड्या ‘पैठणी’ म्हणून विकल्या जातात आणि ग्राहक फसतो, ही या व्यवसायाची जुनी व्यथा आहे. मग त्या दिवशी दुकानात दोन साड्या शेजारी शेजारी पसराव्यात आणि आलेल्या प्रत्येकाला पदर उलटा करून दाखवावा. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा मोर मागूनही तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या शेजारच्या धाग्यात अडकवून विणलेला असतो. यंत्रमागाच्या साडीच्या मागे तरंगते किंवा कापलेले धागे दिसतात. विणकर स्वतः दाखवायला उभा असेल तर फारच उत्तम. त्या दिवशी एकही साडी खपली नाही तरी चालेल. जी बाई पदर उलटून पाहायला शिकली, ती पुढच्या खरेदीला जिथे शिकली तिथेच येते, आणि येताना बहिणीला घेऊन येते.

याच धर्तीवर सायकलच्या दुकानाला ३ जून आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१८मध्ये तो जागतिक सायकल दिन ठरवला, आणि आपल्याकडे तेव्हा शाळा उघडायच्या बेतात असतात. फोटो स्टुडिओला १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन, चष्म्याच्या दुकानाला ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या गुरुवारचा जागतिक दृष्टी दिन, पुस्तकांच्या दुकानाला १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. रोपवाटिकेला ५ जूनचा पर्यावरण दिन सगळेच सुचवतील, पण माझ्या मते तिचा खरा दिवस वटपौर्णिमा. बाजारात त्या दिवशी वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात आणि अनेक स्त्रियांना ते खुपतं. कुंडीतलं वडाचं रोप पूजेला देऊन, पूजेनंतर ते कुठे लावता येईल याची जागा ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून आधीच विचारून ठेवणारी रोपवाटिका दुसऱ्या दिवशी बातमीत असते. मात्र जागा खरोखर मिळवलेली हवी, आणि रोपं पावसाळाभर जगवलेली हवीत.

*

आपल्या व्यापाऱ्यांना हे सगळं नवं आहे असं मुळीच नाही. गुरुवारी पुष्य नक्षत्र आलं की गुरुपुष्यामृत योग होतो. वर्षातून मोजक्याच वेळा येणारा हा योग पंचांगाच्या एका ओळीत पडून राहिला असता. सराफांनी तो उचलला, आदल्या दिवशीच्या वृत्तपत्रातून पोहोचवला, आणि आज मध्यमवर्गीय घरात त्या दिवशी एक ग्रॅमचं का होईना सोनं घेतलं जातं. मोती साबणाने तर वर्षातली एकच पहाट धरली, नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाची. वर्षभर दुसरा साबण वापरणारं घरही उटण्याबरोबर त्या पहाटेसाठी मोतीची वडी आणतं. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा वाचनाला सणाचं निमित्त मिळालं. त्यातून मराठीत शेकडो दिवाळी अंकांची परंपरा उभी राहिली, आणि त्या अंकांतल्या छोट्या जाहिरातींवर कितीतरी गृहउद्योग घरोघरी पोहोचले. जयंतराव साळगावकरांनी १९७३मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं, तेव्हा तिथी आणि तारीख एकाच चौकोनात आणली आणि पानाच्या मागे वाचायला मजकूर दिला. आजही किराणा दुकानदार आपलं नाव छापलेलं कॅलेंडर गिऱ्हाईकाला देतो. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला हे त्यावर लिहिलं जातं आणि वर्षभर दुकानाचं नाव नजरेसमोर राहतं. ही प्रसिद्धी जुनी असली तरी आजच्या रीलपेक्षा ती कमी टिकाऊ आहे असं मला वाटत नाही.

जपानमधली एक हकीकत तर छोट्या धंद्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. तिथे व्हॅलेंटाइन दिनाला स्त्रिया पुरुषांना चॉकलेट देतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फुकुओका शहरातल्या इशिमुरा मानसेइदो या मिठाईवाल्यांनी सुचवलं, की महिन्याने, १४ मार्चला, पुरुषांनी मार्शमेलो देऊन परतफेड करावी. मार्शमेलो हा त्यांचाच पदार्थ. पुढे मिठाई व्यावसायिकांच्या संघटनेने तो दिवस ‘व्हाइट डे’ म्हणून देशभर नेला आणि आता तो पूर्व आशियात इतरत्रही पाळला जातो. एका शहरातल्या मिठाईवाल्याने नवा दिवस रुजवला, कारण लोकांच्या मनात एक अवघडलेपण आधीच होतं: भेट घेतली, आता परत काय द्यायचं? त्याने त्याला उत्तर दिलं.

आपल्याकडे अशी उत्तरं द्यायला पुष्कळ वाव आहे. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायची रीत आहे. साधारण तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना २०२३मध्ये श्रावणात आला, २०२६मध्ये ज्येष्ठात, म्हणजे १७ मे ते १५ जून. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचा, वाळवायचा, कांडायचा, गूळ घालून पीठ मुरवायचं. नोकरी करणाऱ्या सासूबाईंना हे जमत नाही आणि चुकवायचंही नसतं. मुरवलेलं पीठ देणारी, किंवा तळताना अनारसा तुपात विरघळू नये यासाठी काय करायचं ते शिकवणारी गृहउद्योजिका अशा वेळी घरोघरी हवी असते. आणि जावई पुण्यात नसून न्यू जर्सीत असेल, तर वाण तिकडे पोहोचवण्याची सोयही तिने करावी, महिना सुरू होण्याच्या बऱ्याच आधी.

दिवस निवडताना आपला मुलूखही पाहावा. विदर्भ-मराठवाड्यात बैलांचा सण पोळा, श्रावण अमावास्येला. कोल्हापूर-सांगलीकडे बेंदूर, तो पोळ्याच्या आधीच होऊन जातो. कोल्हापुरातल्या साज-घुंगरू विकणाऱ्याने पोळ्याच्या वेळी जाहिरात केली तर ती वाया जाते. अक्षय्य तृतीया पुण्यात सोन्याची आणि आंब्याची. खानदेशात तीच आखाजी, तिथे माहेरी आलेल्या लेकी आणि झाडाला बांधलेले झोके. जळगावच्या दुकानाने पुण्याची जाहिरात उचलून तशीच लावू नये. गोव्यात २४ जूनला सांव जांव असतो, डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात; कोपेल विणणाऱ्यांचा तोच हंगाम, आणि तो सोलापुरात कुणाला ठाऊकही नसतो.

काही दिवस मात्र सरसकट विक्रीला जोडू नयेत. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात. त्या दिवशी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि लोक पिशव्या भरून पुस्तकं नेतात. छोट्या प्रकाशकांसाठी तो वर्षातल्या सर्वांत मोठ्या विक्रीच्या दिवसांपैकी एक असतो. त्यात वावगं काहीच नाही, कारण पुस्तक त्या दिवसाचंच आहे. बाबासाहेबांना वंदन करायला आलेला माणूस ते घेऊन घरी जातो. पण त्याच तारखेला कुणी अभिवादनाच्या फलकावर फ्रिजवरची सूट छापली तर तो अपमान ठरतो. २६ नोव्हेंबरचा मुंबई हल्ल्याचा स्मृतिदिन, एखाद्या मोठ्या अपघाताचा स्मृतिदिन, गावातल्या कुणाच्या निधनाचा दिवस, या सगळ्यांना हीच कसोटी लावावी: तुमची वस्तू त्या दिवसाची आहे का? नसेल तर गप्प राहावं.

दिवस ओरबाडला की काय होतं याची नोंद अमेरिकेत आहे. अ‍ॅना जार्विस या बाईंनी आपल्या आईच्या स्मरणार्थ १९०८मध्ये मातृदिन सुरू केला, १९१४मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो राष्ट्रीय केला. पांढरं कार्नेशन हे त्याचं फूल. फुलवाल्यांनी त्या दिवसांत भाव चढवले, भेटकार्डवाले आणि मिठाईवाले मागून आले, आणि जार्विस यांनी उरलेलं आयुष्य त्याच दिवसाच्या बाजारीकरणाविरुद्ध झगडण्यात घालवलं. दसऱ्याला झेंडूचा भाव तिप्पट करणाऱ्या फुलवाल्याला त्या दिवशी गिऱ्हाईक मिळतंच, नाइलाजाने. पण गिऱ्हाईक ते लक्षात ठेवतं. ज्याला वर्षाचे ३६५ दिवस त्याच चौकात धंदा करायचा आहे, त्याने सणाच्या दिवशी भाव आदल्या आठवड्याचाच ठेवला आणि तसं पाटीवर लिहिलं, तर तीच त्याची त्या वर्षीची सर्वांत मोठी प्रसिद्धी ठरते.

आता कामाचं. नवं कॅलेंडर हातात आलं की त्यातले तीनच दिवस निवडा. दहा निवडलेत तर एकही धड होणार नाही. एक सण, एक दिनविशेष आणि एक असा दिवस जो फक्त तुमच्या धंद्याला सुचेल. गॅरेजवाल्याला खंडेनवमी, शेतीची अवजारं विकणाऱ्याला मृग. प्रत्येकापासून सहा आठवडे मागे मोजा आणि त्या चौकोनात ‘सुरू’ असं लिहा. चार आठवडे आधी फोटो काढून ठेवा, कारण सणाच्या बातमीसाठी फोटो सणाआधीच लागतो. मागच्या वर्षीचा असेल तर तो मागच्या वर्षीचाच आहे असं स्पष्ट लिहा. दोन आठवडे आधी प्रेस नोट आणि निरोप. तो दिवस उलटला की त्याच संध्याकाळी, थकवा असला तरी, वही घेऊन बसा: किती जण आले, कुठून कळलं म्हणाले, काय विचारत होते, कुठला माल कमी पडला, कुठला उरला, कुणी छापलं, कुणी छापलं नाही. ज्याने छापलं त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून आभार माना. ज्याने छापलं नाही त्याच्यावर रुसू नका, पुढच्या निमित्ताला त्यालाही पाठवा. आणि पुढच्या वर्षीची तारीख पंचांगात पाहून त्या नोंदीखाली आत्ताच लिहून ठेवा, कारण तिथीने येणारा सण असेल तर ती या वर्षीची नसणार.